जुने आणि रिप्रॉडक्शन घडीचे चाकू गोळा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या छंदात नवीन आलेले लोक साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं लहानमोठी आहेत कारण काही गोष्टी एका ओळीत संपतात आणि काहींना वेळ द्यावाच लागतो.

कुठल्या चाकूंबद्दल बोलतोय आपण?

स्लिपजॉइंट. म्हणजे ज्याला लॉक नाही, बटण नाही, पाठीमागे एक पोलादी स्प्रिंग असते आणि तिच्या दाबावर पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढायचं, बऱ्याच चाकूंमध्ये अर्ध्यावर एकदा थांबतं, मग पुढे गेलं की "टक" करून बसतं. हा आवाज आणि ही चाल याला कलेक्टर लोक वॉक अँड टॉक म्हणतात आणि चांगल्या जुन्या चाकूत तो आवाज ऐकला की माणूस या छंदात अडकलाच. याचं मोठं विश्व आहे अमेरिकेत आणि त्याच्या आधी इंग्लंडच्या शेफील्डमध्ये, म्हणून इथे जास्त बोलणं त्यांच्याबद्दलच आहे. फ्रान्सचा ओपिनेल आणि लाग्योल, जपानचा हिगोनोकामी, स्वित्झर्लंडचे व्हिक्टोरिनॉक्स हे सगळे स्वतंत्र विषय आहेत.

व्हिंटेज, रिप्रॉडक्शन आणि नकली यात फरक काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि नवीन लोक इथेच फसतात. व्हिंटेज म्हणजे त्या काळात त्या कारखान्यात बनलेला. रिप्रॉडक्शन म्हणजे जुन्या नमुन्यावरून नंतर बनवलेला, पण तो नंतर बनलाय हे लपवलेलं नसतं, कंपनीनेच काढलेला असतो किंवा नाव वापरायचा हक्क रीतसर घेतलेला असतो. नकली म्हणजे नवीन किंवा जोडकाम केलेला चाकू जुना म्हणून गळ्यात मारणं.

रिप्रॉडक्शनला नाक मुरडणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. चांगलं रिप्रॉडक्शन हा सच्चा चाकू असतो, कित्येक वेळा फिनिशिंग मूळ चाकूपेक्षा सरस असतं आणि तो बिनधास्त वापरता येतो. माझा आक्षेप फक्त एकाच गोष्टीला आहे, चाकूवर एक लिहिलंय आणि विकणारा दुसरंच सांगतोय. आणि चाकूवर काय लिहिलंय ते वाचता आलं तर ही फसवणूक बरीचशी टळते.

मग कुठे लिहिलेलं असतं?

टँगवर. पातं जिथे मुठीला जोडलेलं असतं तिथला धार नसलेला चौकोनी भाग म्हणजे टँग. पातं उघडा, उजेडात धरा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या (घड्याळजी वापरतात तसलं चालतं) आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा मॉडेल नंबर असतो.

शिकायला सगळ्यात सोपी कंपनी म्हणजे केस, पूर्ण नाव डब्ल्यू. आर. केस अँड सन्स, गाव ब्रॅडफर्ड, पेनसिल्व्हेनिया. यांच्या नंबरात चाकूची अख्खी कुंडली असते. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ५ म्हणजे सांबरशिंग, ३ म्हणजे पिवळी मूठ. दुसरा आकडा किती पाती आहेत त्याचा. उरलेले आकडे नमुन्याचे. तर ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, ५४ नंबरचा नमुना, हाच तो प्रसिद्ध ट्रॅपर. ३३१८ म्हणजे पिवळी मूठ, तीन पाती, १८ नंबरचा स्टॉकमन.

आता साल. १९२० ते १९४० च्या आसपासचे "केस टेस्टेड एक्सएक्स" असा शिक्का असलेले. १९४० ते १९६४ नुसतं "केस एक्सएक्स". १९६५ पासून त्याखाली "यू.एस.ए." आलं. आणि १९७० मध्ये त्यांनी भारी कल्पना काढली, शिक्क्याखाली दहा ठिपके, आणि मग दर वर्षी एक ठिपका कमी. म्हणजे १९७१ ला नऊ, १९७५ ला पाच, १९७९ ला एक. १९८० मध्ये परत दहा, पण यावेळी केसच्या स्पेलिंगमधला एस विजेसारखा टोकदार केला म्हणजे दोन दशकांची गल्लत होऊ नये. माझ्या समोर आत्ता एक ३३१८ आहे, ठिपके मोजले तर सात, एस साधा, म्हणजे १९७३ चा. पिवळी मूठ जरा मळलीये, मोठ्या पात्यावर राखाडी निळसर छटा चढलीये, पण सातही ठिपके भिंगाखाली स्वच्छ दिसतात. कुणालाही विचारावं लागत नाही, चाकू स्वतः सांगतो.

ठिपके आल्यावर लोकांनी साल लावून सेट जमवायला सुरुवात केली आणि दहा ठिपकेवाल्यांची मागणी वेगळीच राहिली. १९७२ मध्ये तिकडे नॅशनल नाइफ कलेक्टर्स असोसिएशन सुरू झाली, ती याच लाटेत.

शेफील्डच्या चाकूंचं साल कसं ओळखायचं?

तिथे ठिपके नाहीत, इतर खुणा जुळवाव्या लागतात. सगळ्यात मोठं नाव जोसेफ रॉजर्स, खूण म्हणजे एक चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस. या घराण्याला ही खूण १६८२ मध्ये मिळाली असं धरतात. शेफील्डच्या कारागिरांची संघटना, कटलर्स कंपनी, १६२४ सालची, खुणांची नोंद तीच ठेवायची.

पहिली खूण देशाचं नाव. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली टॅरिफ कायदा केला आणि १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे "इंग्लंड" लिहिलेला चाकू सहसा १८९१ नंतरचा. उलट मात्र खरं धरू नका, जो माल अमेरिकेत जाणार नव्हता त्याच्यावर नंतरही नाव नसू शकतं. दुसरी खूण राजाची अक्षरं. मुकुट आणि "व्ही आर" म्हणजे राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१ पर्यंतचा. "ई आर" म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. "जी आर" बघून मात्र घाई नको, कारण जॉर्ज चौथाही जॉर्ज आणि १९१० नंतरचे पाचवे सहावेही जॉर्ज, तिथे "इंग्लंड" आहे का, मुठीचं मटेरियल काय, पात्याचा आकार काय, असं सगळं एकत्र बघायचं.

रॉजर्सचा माल इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातही भरपूर यायचा, म्हणून जुन्या वाड्यांमध्ये, आजोबांच्या पेटीत, टाक कापायच्या सामानात असे चाकू अजून सापडतात. घरात जुनं सामान काढाल तेव्हा भंगारात टाकण्याआधी टँग बघा एवढी कळकळीची विनंती.

यांची कारागिरी किती होती ते बघायचं तर शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये नॉरफोक नाइफ आहे, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी रॉजर्सने केलेला, ७५ पात्यांचा. आणि ही परंपरा एकेका माणसाच्या हातात कशी टिकली त्याचं उदाहरण स्टॅन शॉ, १९४१ मध्ये चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि २०२१ मध्ये गेले तोपर्यंत शेफील्डच्या घडीच्या चाकूंमधलं सगळ्यात आदराचं नाव तेच होतं.

रेमिंग्टन बुलेट म्हणजे काय? ओरिजिनल घ्यावा की रिप्रॉडक्शन?

बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनने पहिल्या महायुद्धानंतर ब्रिजपोर्ट, कनेक्टिकटला चाकू बनवायला घेतले आणि १९४० मध्ये तो धंदा विकून टाकला. म्हणजे जेमतेम वीस वर्षं. त्यातल्या काही मोठ्या शिकारी चाकूंच्या मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची पट्टी बसवलेली असायची, तेच बुलेट. सगळ्यात गाजलेला आर ११२३, साडेचार इंचाची मूठ, दोन लांब पाती. नंबराचा शेवटचा आकडा मुठीचा असतो, ३ म्हणजे हाड, ६ म्हणजे सांबरशिंग, ८ म्हणजे कोकोबोलो लाकूड.

१९८२ मध्ये कंपनीने आर ११२३ परत काढला आणि मग दर वर्षी एक नवीन बुलेट, सोबत जुन्या धर्तीचं पोस्टर. रिप्रॉडक्शनचं कलेक्शन करायचं असेल तर ही मालिका मला सगळ्यात छान वाटते, कारण वर्षाला एक, सुरुवात ठरलेली, आणि डबा कागद सगळं सोबत मिळू शकतं. ओरिजिनल बुलेट घ्यायचा तर आधी बरेच हाताळा, कारण ज्या चाकूला सगळ्यात जास्त पैसे मिळतात त्याच्याच सगळ्यात जास्त नकला होतात.

आता चांगले रिप्रॉडक्शन कोण बनवतं?

टायटसव्हिल, पेनसिल्व्हेनियाची ग्रेट ईस्टर्न कटलरी, लोक जीईसी म्हणतात. २००६ मध्ये सुरू झाली. जुने नमुने, कार्बन स्टीलची पाती, थोडा थोडा माल, आणि नॉर्थफील्ड, टिडिऊट अशी बंद पडलेल्या कारखान्यांची नावं त्यांनी परत जिवंत केली. त्याच गावातली क्वीन कटलरी २०१८ मध्ये बंद झाली, तिचे शॅट अँड मॉर्गन नावाचे चाकू आता शोधून घ्यावे लागतात. श्रेड २००४ मध्ये बंद झाली, कॅमिलस २००७ मध्ये. ही तारीख लक्षात ठेवणं कामाचं आहे कारण श्रेडचं ओल्ड टायमर हे नाव नंतर दुसऱ्यांनी घेतलं आणि चाकू चीनमधून यायला लागले, नाव तेच, माल वेगळा, तेव्हा "यू.एस.ए." आहे का ते टँगवर बघूनच घ्या.

नकली ओळखायचा कसा?

पुढच्या गोष्टी एकेक करून बघा, एकच खूण पुरेशी नसते.

शिक्का आधी. खरा जुना शिक्का ठोकून उठवलेला असतो, अक्षरांच्या कडा किंचित मऊ झालेल्या दिसतात, तळ सारखा नसतो. नंतर कोरलेल्या किंवा ॲसिडने काढलेल्या अक्षरांचा तळ सपाट आणि एकसारखा दिसतो. मग टँगची जाडी बघा. जुना स्वस्तातला शिक्का घासून काढून त्याजागी भारी शिक्का मारायचा ही जुनी युक्ती आहे, त्यात टँग मध्यभागी किंचित खोलगट होतो. त्याच चाकूच्या दुसऱ्या पात्याचा टँग शेजारी धरून बघितला की फरक कळतो, आणि बोटाचं नख आडवं फिरवलं तर डोळ्याआधी नखाला समजतं.

मग मटेरियलचं साल जुळतंय का बघा. डेलरिन नावाचं प्लास्टिक बाजारात आलं १९६० मध्ये. १९३० च्या शिक्क्याच्या चाकूला डेलरिनची मूठ असेल तर एक तर मूठ बदललीये किंवा शिक्का खोटा आहे, तिसरी शक्यता नाही.

रिव्हेट, म्हणजे चाकूचे भाग जोडून धरणारे खिळे, बघा. मूठ न उघडता पातं बदलता येत नाही, आणि मूठ उघडली की रिव्हेट नवीन लागतात. बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकाचा धातूचा भाग, त्याच्यावर रिव्हेटचं गोल डोकं जर स्पष्ट वेगळं दिसत असेल, आजूबाजूला ताजं घासल्याच्या रेघा असतील, तर आत हात गेलाय. चांगल्या कारखान्याच्या कामात तो रिव्हेट बोल्स्टरमध्ये जवळपास विरून गेलेला असतो.

शेवटी, सगळं एकाच वयाचं दिसतंय का. पात्यावर पन्नास वर्षांचे डाग आणि मुठीच्या खाचा अगदी धारदार, किंवा मूठ झिजून गुळगुळीत आणि पातं कोरं, असं असेल तर दोन चाकूंचा एक केलेला असण्याची शक्यता जास्त. दुरुस्त केलेला चाकू घेणं यात काही वाईट नाही, फक्त विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे लावली पाहिजे.

विकत घेताना हातात धरून काय तपासू?

पातं उघडून डावीकडे उजवीकडे हलकं हलवा, डुलतं का बघा. स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट बसली पाहिजे, उघड्या पात्यात पण आणि मिटलेल्या पात्यात पण. पातं मिटल्यावर टोक बाहेर डोकावता कामा नये. मुठीला रिव्हेटपासून निघालेली केसासारखी चीर आहे का ते आडव्या उजेडात बघा.

आणि पातं किती उरलंय ते बघा, हे सगळे विसरतात. जुना चाकू वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं अरुंद होत जातं. धार जिथे सुरू होते तिथे टँगजवळ पायरी पडलेली दिसली तर जेवढी पायरी खोल तेवढं पोलाद गेलं समजा. त्याच नंबरच्या कोऱ्या चाकूचा फोटो मोबाईलवर काढून शेजारी धरा. मिंट म्हणजे कधीच धार न लावलेला, कारखान्यातून आला तसा, हा शब्द विकणारे फार सढळ हाताने वापरतात.

मुठीचं हाड, सांबरशिंग, हस्तिदंत, हे भारतात चालतं का?

हाड चालतं, ते गाईगुरांच्या नळीचं असतं. सांबरशिंग आणि हस्तिदंत यांच्यापासून भारतात लांब राहा. जुन्या अमेरिकन आणि शेफील्डच्या चाकूंवर जे सुंदर खडबडीत सांबरशिंग दिसतं ते बरंचसं आपल्याकडच्याच सांबराचं, पण १९९० च्या दशकाच्या शेवटी भारताने त्याची निर्यात बंद केली आणि तेव्हापासून जगभर ते महाग झालं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे देशात अशा शिंगाची खरेदी विक्री गुन्हा आहे, गळून पडलेलं शिंग असलं तरी. हस्तिदंताचंही तेच. परदेशातून मागवतानाही असली मूठ असलेला चाकू मागवू नका. घरात वारशाने आलेला असेल तर विकायच्या भानगडीत न पडता आधी वन खात्याकडे किंवा वकिलाकडे विचारा.

सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या मुठींना वापरलेलं सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक, त्याची गोष्ट वेगळी, ते कायद्याने चालतं पण जपावं लागतं. अंगठ्याने जोरात चोळून गरम केलं की कापराचा वास येतो, ती ओळख. जुनं झालं की ते कुजायला लागतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या सगळ्या चाकूंना गंज चढतो. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या झाल्या, मुठीला जाळीदार तडे गेले, तर तो चाकू त्याच दिवशी वेगळ्या डब्यात काढा. सेल्युलॉइड पटकन पेटतं, त्यामुळे उन्हात, गॅसजवळ ठेवू नका.

घेतल्यावर पॉलिश करू का?

नाही. कृपा करून नाही. बफिंग मशीनवर चमकवलेला जुना चाकू म्हणजे शिक्का पुसट, कडा गोल, आणि पात्यावरच्या कारखान्याच्या रेघा कायमच्या गेलेल्या, ते परत कुणालाच आणता येत नाही. कार्बन स्टीलवरचा राखाडी, निळा, काळा रंग हे नुकसान नाही, कैरी किंवा लिंबू चिरलं तरी तो येतो आणि तो पोलादाला थोडंफार वाचवतोच. लाल तांबूस गंज मात्र काढायचा. त्यासाठी अगदी बारीक, चार शून्य नंबरची स्टील वूल आणि तेल, आणि हलका हात. भांड्याची तारेची घासणी अजिबात नको.

पावसाळ्यात कसे ठेवायचे?

मुंबईत कोकणात हा खरा त्रास आहे. चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कधीच ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि ओल मिळून पातं खातात. सुती कपड्यात किंवा साध्या कागदात गुंडाळून, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्तीचं पुसून टाका. खोबरेल तेल नको, ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि चाकू जाम होतो. महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून पुसायचे, आणि पुसल्यावर पात्याला बोटं लावायची नाहीत कारण घामाचा ठसा उमटलेल्या जागी गंज पहिला येतो.

भारतात ठेवणं कायदेशीर आहे का?

शस्त्र कायद्याच्या नियमांप्रमाणे नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याच्या, घरगुती, शेती वगैरे कामासाठी नसलेल्या चाकूला परवाना लागतो. आपले चाकू दोन ते चार इंचाचे असतात, त्यामुळे घरात कलेक्शन ठेवायला सहसा अडचण येत नाही. बाहेर घेऊन फिरणं वेगळं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या वेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यात चाकू सुऱ्यांचा उल्लेख असतो. तेव्हा कुणाला दाखवायला नेताना डब्यात, कपड्यात गुंडाळून, बॅगेत तळाशी ठेवा, खिशात नको. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाका.

रामपुरी गोळा करू का?

उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ती खरी कारागिरी आहे, नवाबी काळापासूनची, आणि त्या गावाने २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभारून तिचा मान ठेवलाय. पण रामपुरी खटक्याचा, लांब पात्याचा असतो आणि पोलीस त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. माझा सल्ला, लहान आकाराचा, बिलासकट, आणि घराबाहेर काढायचा नाही. पहिला चाकू म्हणून तर नकोच.

कुठे मिळतात?

अमेरिकेत राहणाऱ्यांची चैन आहे. इस्टेट सेल, फ्ली मार्केट, आणि टेनेसीत सेविअरव्हिलला स्मोकी माउंटन नाइफ वर्क्सचं प्रचंड दुकान, तिथेच चाकूंचं संग्रहालय पण आहे. अटलांटाला दर वर्षी ब्लेड शो भरतो, एकदा तरी जाऊन या, तिथे विचारलं की म्हातारे कलेक्टर स्वतःचा चाकू तुमच्या हातात देतात आणि तासभर बोलतात.

आपल्याकडे पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, आणि मुंबईत चोर बाजार. केस किंवा रेमिंग्टन मिळायची आशा ठेवू नका. ब्रिटिश फौजेचे घडीचे चाकू मात्र दिसतात, काळी, बारीक चौकड्या पाडलेली मूठ, आखूड सरळ धारेचं पातं, डबा फोडायचं हत्यार, कधी दोराच्या गाठी सोडवायची जाड सुई. टँगवर किंवा बोल्स्टरवर बाणाची खूण आणि साल शोधा, १९३९ ते १९४५ मधलं साल स्पष्ट असेल तर बाजारातली ती सगळ्यात चांगली खरेदी ठरेल.

सुरुवात कशाने करू?

एक धागा धरा. एकच नमुना, किंवा एकच कंपनी, किंवा तुमच्या जन्मसालाचा केस. दिसेल ते घेत गेलात तर ड्रॉवर भरेल पण समजणार काही नाही. पहिला चाकू सत्तर-ऐंशीच्या दशकातला वापरलेला केस घ्या, म्हणजे ठिपके वाचायची सवय होईल, आणि सोबत एक चांगलं नवीन रिप्रॉडक्शन घेऊन रोज वापरा, पेरू कापा, पार्सल उघडा, पेन्सिलीला टोक करा. वापरल्याशिवाय स्प्रिंगचा जोर किती असावा, पातं कसं बसावं हे हाताला कळत नाही.

माझ्याकडे एक जुना चाकू आहे, किंमत सांगाल का?

फोटोवरून किंमत सांगत नाही, ओळखायला मदत नक्की करतो. पाठवताना मिटलेल्या मुठीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. फोटो चार प्रकारचे हवेत: सगळी पाती उघडून दोन्ही बाजूंनी, प्रत्येक टँगच्या दोन्ही बाजू जवळून, स्प्रिंगची पाठ, आणि मिटलेला चाकू वरून, म्हणजे पाती मध्ये बसतात का ते दिसेल. खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, फ्लॅशमध्ये शिक्का वाचता येत नाही. आणि फोटो काढायच्या आधी काहीही घासू नका.